मुंबईचं नाव यादीत घालणारा

विश्राम,

आज बावीस दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण थांबलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही, आणि तुलाही चाललं नसतं. मधली काही वर्षं सोडली तर तेवीस वर्षं आपण अंधेरीच्या ह्या ऑफिसात एकाच खिडकीच्या दोन बाजूंना बसलो. त्यात वाद न घालता गेलेला आठवडा मला आठवत नाही.

मी हे लिहितेय ते आपल्या टेबलांच्या मधल्या जागेत खुर्ची ओढून. माझ्या टेबलावर बसवत नाही आणि तुझ्या टेबलावर बसणं बरं दिसत नाही. समोर फाइल आहे. पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांशी, म्हणजे शेजारच्या देशाशी, विमानांच्या फेऱ्यांवर पुन्हा बोलणी आहेत. त्यांना मुंबईच्या आणखी फेऱ्या हव्यात. आपल्या विमान कंपनीचं म्हणणं काय, त्याची टिपणी सरकारकडे जायची आहे. गेली काही वर्षं ती तू लिहायचास. आता माझ्याकडे आलीये. चार दिवस झाले, पहिल्या ओळीपुढे गेलेली नाही. उठते, पाणी पिते, लिफ्टपर्यंत जाऊन परत येते.

त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. बोलण्यांच्या खोलीतलं बाहेर काढायचं नाही हा तुझा नियम, तेवढा पाळते. बाकी आज सगळं सांगणार आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं की आकाश मोकळं असतं, विमान घ्यावं आणि उडवावं. विभागात कुणी नवीन आलं की तू पहिल्याच दिवशी त्याचा हा भ्रम घालवायचास. "आकाश मोकळं नाय हां. प्रत्येक शेजाऱ्याबरोबर एक कागद असतो. कुठल्या गावाहून कुठल्या गावाला, आठवड्याला किती आसनं, कोणाच्या विमानानं, सगळं त्यात. मागे परिशिष्ट असतं, त्यात गावांची यादी. तुझ्या गावाचं नाव त्या यादीत नसेल तर धावपट्टी घेऊन काय करशील, पापड वाळत घालशील?"

कांजूरमार्गच्या चाळीतला मुलगा तू. वडील गिरणीत. तुमच्या घरात तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं. आणि तू दोन देशांच्या मधल्या टेबलाच्या मागच्या रांगेत, कंपनीचा माणूस म्हणून बसायचास. पुढे दोन्हीकडचे अधिकारी, मध्ये छोटे झेंडे. मागच्यांनी बोलायचं नसतं, विचारलं तरच चिठ्ठी पुढे सरकवायची. तू मला सांगायचास की चिठ्ठीवर अक्षर चांगलं पाहिजे, कारण मोठी माणसं वाईट अक्षर वाचत नाहीत.

मुंबईचा वाद कसा सुरू झाला ते मला पक्कं आठवतंय. त्या वेळी शेजाऱ्यांच्या राजधानीला फक्त दिल्लीहून विमान होतं. मुंबईच्या माणसाने आधी दिल्लीला जायचं, तिथे तासन् तास बसायचं, मग दुसरं विमान. तू दिल्लीहून एका कामावरून परतलास आणि थेट कॅंटीनमध्ये मला गाठलंस. पुढ्यातल्या उसळीला हात लावला नाहीस.

दिल्लीच्या विमानतळावर तुला एक नवराबायको भेटले होते. तो तिकडचा शाळामास्तर. बायकोचं पोटाचं ऑपरेशन मुंबईत झालेलं, डॉक्टरांनी घरी जायला सांगितलेलं. नऊ तास थांबायचं होतं. तिला बसवत नव्हतं. तो तिला बाकावर आडवी करायचा, की कोणीतरी येऊन सांगायचं, इथे झोपू नका. मग तू बाकाच्या टोकाला जाऊन बसलास, तुझं गळ्यातलं ओळखपत्र दिसेल असं, म्हणजे कोणी उठवणार नाही. नऊपैकी चार तास तू तिथे बसलास आणि तुझं स्वतःचं मुंबईचं विमान सोडलंस.

"तो मला विचारत होता," तू म्हणालास, "मुंबईहून आमच्याकडे विमानाला किती वेळ लागेल. मी म्हटलं, तीन तास. तो म्हणाला, मग जात का नाही? काय सांगू गं त्याला? परिशिष्टात नाव नाय म्हणून?"

मी म्हटलं, "नाव घातलं तर त्यांचं विमान येईल. आपली कंपनी नाही जाणार."

"येऊ दे की."

"आणि ते फक्त पेशंट नेतील असं वाटतं तुला? इथल्या माणसाला आधी त्यांच्या राजधानीत नेतील, तिथून दुसऱ्या विमानात बसवून आखातात पोचवतील. आपली आखाताची फेरी रिकामी जाईल. तिच्यावर किती घरं चालतात माहितीये?"

माझं घर त्यांतलंच एक होतं. माझा नवरा मिलिंद त्याच फेरीच्या सामान चढवण्याच्या विभागात सुपरवायझर होता, कंत्राटावर. हे तुला माहीत होतं, म्हणून तू जरा थांबलास. मग म्हणालास, "न्यायला आपण जात नाय, म्हणून ते नेतात."

मी चिडले. म्हटलं, "तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तू कोणाच्या बाजूला होतास रे?"

हे बोलायला नको होतं. तू उसळीची थाळी बाजूला सारलीस. "गिरणी शेजाऱ्याच्या कापडाने नाय बंद पडली, वैजू," एवढंच म्हणालास आणि वर गेलास.

त्यानंतर काही महिन्यांनी बोलणी ठरली. शेजाऱ्यांनी मुंबई मागितली. आपल्या साहेबांना मुंबई द्यायची नव्हती, कारण आपली दिल्लीहून तिकडे जाणारी फेरी मुंबईच्याच माणसांनी भरायची. प्रवाशांच्या आकड्यांचं काम माझं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टिपणीत काय यायला पाहिजे ते सांगितलं. मी लिहिलं, "मुंबईहून थेट प्रवास करणारे प्रवासी नगण्य आहेत."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. थेट विमानच नव्हतं, तर थेट प्रवासी कुठून येणार होते? दिल्लीमार्गे जाणाऱ्यांचा आकडा मी दुसऱ्या तक्त्यात ठेवला, आणि तो तक्ता जोडला नाही. टिपणी टाइप करताना तू माझ्या पाठीमागून गेलास. वाचलंस की नाही मला कळलं नाही. वाचलं असणार. तू सगळं वाचायचास, भेळेचा कागदसुद्धा.

बोलण्यांच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तुझा दिल्लीहून फोन आला. मागे चमच्यांचा आवाज येत होता.

"वैजू, खरा आकडा सांग. कागदावरचा नको."

"का?"

"आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी आम्हा कंपनीवाल्यांना बाजूला घेतलंय. विचारतायत, मुंबईला खरंच माणसं नाहीत का. मला विचारलंय."

  

मी ड्रॉवरमधून दुसरा तक्ता काढला आणि आकडा वाचून दाखवला. तू तो परत म्हणून दाखवलास आणि फोन ठेवलास. थँक्यूसुद्धा म्हणाला नाहीस.

मुंबईचं नाव यादीत आलं. आठवड्याला थोड्याच फेऱ्या, पण आलं.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते. तू मुंबईत उतरायच्या आधीच साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. विचारलं, "दिल्लीमार्गे जाणाऱ्यांचा आकडा विश्राम परबांना तुम्ही दिलात?"

मिलिंदच्या कंत्राटाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं, आणि ते साहेबांच्याच एका सहीवर अडलेलं होतं. हे कारण आहे. त्याला बचाव म्हणायचा की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, "नाही."

तेवढंच. एक शब्द. तुझी बाजू घ्यायला नको, तुझ्याविरुद्ध बोलायला नको, फक्त नाही. दुसऱ्या दिवशी तुला बोलावलं. तू आत गेलास, सात-आठ मिनिटांत बाहेर आलास, आणि माझ्याकडे न बघता तुझ्या ड्रॉवरमधली पेनं खिशात घालायला लागलास. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालास, "खाली चाललोय. हरवलेल्या सामानाकडे. साहेब म्हणतात, तुम्हाला शोधून काढायची फार आवड आहे ना." आणि हसलास. मग म्हणालास, "आकडा माझा मीच काढला म्हणून सांगितलंय."

एवढंच बोललास. त्याचा अर्थ काय, हे मी पंधरा वर्षं स्वतःला विचारतेय. मी आत "नाही" म्हणाले, ते साहेबांनी तुला सांगितलं होतं का? आणि तू ते निभावून नेलंस? की सांगितलंच नव्हतं, आणि तू आपणहून मला वाचवलंस, मी आधीच स्वतःला वाचवून मोकळी झालेय हे ठाऊक नसताना? पहिलं असेल तर तू मला ओळखून होतास. दुसरं असेल तर मी तुला फसवलं. मला दोन्ही नको आहेत. आणि आता तिसरं काही सांगायला तू नाहीस.

सहा वर्षं तू तळमजल्यावर काढलीस. करारांमधला एवढा जाणता माणूस, बॅगांच्या चाकांच्या तक्रारी लिहून घेत बसलेला. मी जेवायला खाली यायचे. मुंबईचा विषय दोघंही काढायचो नाही. बाकी सगळ्यावर भांडायचो.

विमान सुरू झालं. त्यांचंच, मी म्हटलं होतं तसं. आपली कंपनी गेली नाही, तेही मी म्हटलं होतं. पहिल्या आठवड्यात तू मला जेवणाच्या वेळी विमानतळावर ओढत नेलंस. आगमनाच्या दाराशी उभं राहिलो. काही माणसं कागदांच्या मोठ्या पिशव्या छातीशी धरून आली, एक्स-रेच्या. एक म्हातारी चाकाच्या खुर्चीतून आली, तिची सून मागे. तुला त्यांच्यापैकी कोणी ओळखत नव्हतं. तू खुर्ची बाहेर रिक्षापर्यंत ढकलत नेलीस आणि रिक्षावाल्याला हॉस्पिटलचं नाव दोनदा समजावलंस. परत आलास तेव्हा मला वाटलं, आता जिंकल्यासारखं काहीतरी बोलशील. तू म्हणालास, "चल, लंच संपला."

आणि पुढे माझं दुसरंही म्हणणं खरं झालं. त्यांच्या विमानांनी इथली माणसं तिकडच्या राजधानीत नेऊन पुढे आखातात पोचवायला सुरुवात केली. आपली आखाताची एक फेरी बंद झाली. मिलिंदचा विभाग गुंडाळला. ज्या नोकरीसाठी मी "नाही" म्हणाले होते, ती नोकरी त्याच कागदाने खाल्ली.

त्या दिवशी मी खाली येऊन, सगळ्या तक्रारवाल्या प्रवाशांसमोर तुला म्हणाले, "तुझ्या त्या मास्तराच्या बायकोला तीन तासांत घरी पोचवलंस. माझा नवरा आता घरीच आहे. झकास झालं ना?"

तू काउंटरच्या मागे उभा होतास, हातात कोणाच्या तरी बॅगेचा तुटलेला दांडा.

रविवारी सकाळी दारात हजर. हातात पापलेटं. माझ्याकडे बघितलंही नाहीस, थेट आत जाऊन मिलिंदला म्हणालास, "काय रे, घरात बसून जाडो झालस." आणि मग दर रविवारी. आठ महिने. तुम्ही दोघं काय बोलायचात मला माहीत नाही. एकदा कान दिला तर मासे खारवण्यावर चर्चा चालली होती. त्या आठ महिन्यांत मिलिंद शनिवारपर्यंत दाढी करायचा नाही, पण रविवारी सकाळी करायचा. नंतर त्याला मरोळला एका गोदामात काम मिळालं. तेही तूच कोणाला तरी सांगून असणार. विचारलं तर म्हणाला असतास, गप रव.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. किती रविवार होते. तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून मासा नीट धुतला नाही म्हणून मला बोलत होतास, आणि मी मनात वाक्य जुळवत होते: विश्राम, त्या दिवशी साहेबांनी मला आधी बोलावलं होतं. इतकं साधं वाक्य. मासा तळून व्हायचा, वाक्य तसंच राहायचं. साहेब निवृत्त झाले, तू वर परत आलास, आपल्या खिडकीशी बसलास, आणि मग तर मला वाटायला लागलं की आता सांगून काय करायचं. त्यानंतरही आपल्याला नऊ वर्षं मिळाली होती. नऊ.

तेरावं झाल्यावर मी कांजूरला तुझ्या शुभांगीकडे गेले. मुद्दाम दुपारी, कोणी नसेल अशा वेळी. तिने चहा केला. मी चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: टिपणी, फोन, साहेबांची केबिन, माझं "नाही". सांगताना माझी पर्स हातातून दोनदा पडली.

मग मी विचारलं, "त्याला माहीत होतं का गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "हे ऑफिसातलं घरी बोलायचे नाहीत. तुमचं नाव निघायचं ते भांडणापुरतं. आज वैजू असं म्हणाली, उद्या तिला असं सांगतो. जेवताना मला सांगून बघायचे आधी."

मी म्हटलं, "माझ्यामुळे त्याची सहा वर्षं खाली गेली."

शुभांगीने माझा गार झालेला कप उचलला, आत नेऊन ठेवला, परत आली.

"वैजूताई, वर होते तेव्हा हे महिन्यातले पंधरा दिवस दिल्लीत असायचे. खाली गेले आणि संध्याकाळी साडेसहाला घरी यायला लागले. आमची अनया तेव्हा पाचवीत होती. गणितात नापास व्हायची. पाचवी ते दहावी तिचा सगळा अभ्यास यांनी घेतला. आज ती इंजिनियर आहे. सासऱ्यांचं शेवटचं आजारपण त्याच वर्षांत झालं, तेव्हा हे घरी होते. तुम्ही केलंत ते वाईटच केलंत. माफ करायचं तर ते यांनी करायचं, माझं काम नाही ते. पण ती सहा वर्षं माझ्याकडून कोणी परत मागितली तर मी देणार नाही."

मला वाटलं होतं की सांगून टाकलं की बरं वाटेल. नाही वाटलं. खाली उतरले आणि रिक्षा न करता चालत राहिले, कुठे ते कळत नव्हतं. मी शिक्षेची तयारी करून गेले होते आणि तिने माझ्या हातात तुझं सहा वर्षांचं सुख ठेवलं. ते घेऊन काय करायचं रे? कुठे ठेवायचं? मिलिंदला घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस हे मला आधी सांगायचंस. मी त्याच्याबरोबर आठ महिने मासे खात बसलो होतो." आणि गॅलरीत गेला. अजून नीट बोलत नाहीये.

काल एवढं लिहून उठले. आज पाचवा दिवस. तुझ्या जुन्या टिपण्या बाजूला मांडून बसले. तुझं अक्षर खरंच चांगलं होतं. नवीन साहेब सकाळी येऊन गेले, भला माणूस आहे, म्हणाले, "मॅडम, फार ताणू नका. मागच्यासारखंच लिहा, मागणी मर्यादित आहे म्हणून." मी म्हटलं, बघते.

मग लिहायला बसले आणि दुपारपर्यंत संपवलं. पहिल्या परिच्छेदात सगळे आकडे आहेत, थेट जाणाऱ्यांचे आणि फिरून जाणाऱ्यांचे, दोन्ही तक्ते जोडून. उपचारांसाठी येणारे किती, ते वेगळं. शिफारशीच्या रकान्यात लिहिलंय की मुंबईच्या वाढीव फेऱ्या द्याव्यात. खाली माझी सही, पूर्ण नावाने. कोणी विचारलं, हा आकडा तुमच्याकडून गेला का, तर उत्तर कागदावरच आहे.

पण खुश होऊ नकोस. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की मागच्या वेळी दार उघडल्यावर इथल्या किती विभागांना टाळं लागलं, किती माणसं घरी बसली, आणि ह्या वेळी आपल्या कंपनीनेही त्या गावाला आपलं विमान नेल्याशिवाय एक फेरीही वाढवून देऊ नये. तो सगळा परिच्छेद तुझ्या विरुद्ध आहे, विश्राम, आणि तोही खरा आहे. ये आणि खोडून दाखव.